रेषेबाहेरचा खेळाडू

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन खांद्यावर, कुडपण नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकपरंपरा या गावाला शेलारमामांचे गाव म्हणून ओळखते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठही याच तालुक्यातले. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी पडले, मावळ्यांचा धीर सुटू लागला, आणि त्या क्षणी वृद्ध शेलारमामा पुढे सरसावले, अशी कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. या कथेत इतिहासाचा अंश किती आणि पोवाड्याचा किती, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्याच्या उमेदीचा काळ सरला आहे, पण ज्याचा अनुभव तरुणांच्या पाठीशी उभा आहे, अशा माणसाला समाजाने आपल्या स्मरणात मानाचे स्थान दिले. प्रत्येक विद्येला असा एक शेलारमामा लागतो. आखाड्यात तो वस्ताद म्हणून ओळखला जातो, गायकीत बुवा म्हणून, आणि आधुनिक क्रीडांगणावर प्रशिक्षक म्हणून.

खेळाडूचे आयुष्य फार अल्प असते. वकील, वैद्य वा प्राध्यापक ज्या वयात नावारूपाला येऊ लागतात, त्या पस्तिशीच्या वयात खेळाडूला मैदान सोडावे लागते. उरलेल्या तीस-चाळीस वर्षांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. कोणी कचेरीतील मेजाशी बसतो, कोणी जुन्या आठवणींवर जगतो. थोडे असे असतात की जे मैदानाच्या पांढऱ्या रेषेबाहेर उभे राहून दुसरा डाव मांडतात. नवे खेळाडू हेरणे, त्यांना घडविणे, आणि त्यांच्या जयापजयाची जबाबदारी आपल्या शिरावर घेणे, असे हे तिहेरी काम आहे. हॉकीच्या क्षेत्रात महाराष्ट्राने या कामात काय मिळविले आणि काय गमाविले, याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

हॉकी हा खेळ आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आला. छावण्यांतून तो रेल्वे, पोलीस, जकात व टपाल खात्यांत आणि मिशनऱ्यांच्या शाळांत पसरला. कलकत्त्यात १८९५ मध्ये बेटन चषकाची आणि मुंबईत १८९६ मध्ये आगाखान चषकाची स्पर्धा सुरू झाली. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि तेथपासून १९५६ पर्यंत भरलेल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत हे पदक दुसऱ्या कोणाच्या हाती लागले नाही. १९३६ च्या बर्लिन संघात मुंबईचे बाबू निमल होते. १९४८ साली लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्वतंत्र भारताने इंग्रजांना त्यांच्याच घरी ४-० असे हरविले, तेव्हा संघाचे नेतृत्व किशनलाल यांच्याकडे होते. त्यांचा जन्म महूचा; पण मुंबईस बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या सेवेत त्यांचे नाव झाले होते. त्या संघात मुंबईच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता.

या वैभवाच्या काळात प्रशिक्षक हा वेगळा व्यवसाय असा नव्हताच. मुलगा मैदानाच्या कडेला बसून थोरांचा खेळ पाही, सुटीच्या वेळी मोडकी काठी घेऊन त्याची नक्कल करी, आणि एखाद्या दिवशी संघात एक गडी कमी पडला की त्याला हाक येई. विद्या डोळ्यांनी घ्यावयाची आणि मनगटात मुरवावयाची, ही त्या काळची रीत. ती वाईट होती असे मुळीच नाही. जुन्या गायकांनी गाणे असेच शिकविले. मात्र या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, गुरूने जी विद्या अनुभवली तीच शिष्याच्याही उपयोगी पडणार.

स्वातंत्र्यानंतर या रीतीला शास्त्राची जोड देण्याचा यत्न झाला. १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली, आणि हॉकीचे मुख्य शिक्षक म्हणून तेथे मेजर ध्यानचंद यांची योजना झाली. ज्या पुरुषाच्या खेळाने जग चकित झाले, त्यानेच आता पाठ द्यावे, ही कल्पना स्वाभाविक होती. तथापि थोर खेळाडूपुढे शिकविताना एक अडचण असते, आणि ती कोणत्याही कलेतील प्रतिभावंताला चुकलेली नाही. जी गोष्ट त्याला सहज जमते ती त्याने कधी पायरीपायरीने शिकलेली नसते. मग ती दुसऱ्यास पायरीपायरीने दाखविणार कशी? मध्यम प्रतीच्या खेळाडूने प्रत्येक पायरी धडपडत चढलेली असते, म्हणून ती त्याला मोजून सांगता येते. उत्तम गुरू नेहमीच उत्तम खेळाडूंतून निघत नाहीत, त्याचे कारण हेच होय. पुढे सरकारनेही गुरूच्या कामाला मान दिला. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो मिळविणाऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते.

परंतु त्यापूर्वीच हॉकीच्या पायाखालची जमीन बदलली होती, आणि हे शब्दशः खरे आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम हिरवळीवर झाले, आणि आदल्या वर्षी क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ एकदम सातव्या क्रमांकावर घसरला. गवताच्या मैदानावर चेंडू कोठे उसळेल याचा नेम नसे. म्हणून तेथे मनगटाची चलाखी, जवळच्या जवळ चेंडू खेळविण्याचे कसब आणि प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देण्याची कला यांना राज्य होते. कृत्रिम मैदान सपाट असते. त्यावर पाणी शिंपडले की चेंडू सरळ व वेगाने धावतो. तेथे दूरचा अचूक फटका, धावण्याचा दम आणि शिस्तबद्ध रचना यांना मोल येते. युरोप व ऑस्ट्रेलिया येथील संघांनी हे ओळखून आपला खेळ बदलला. भारतात मात्र असे मैदान आले ते १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या सुमारास, आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरविले.

या बदलाचा सर्वांत मोठा आघात झाला तो गुरुशिष्य परंपरेवर. जुन्या खेळाडूची विद्या एका रात्रीत निकामी झाली असे नव्हे. पण ती अपुरी पडू लागली. त्यातच नियमही पालटत गेले. १९९२ पासून खेळाडू हवा तितक्या वेळा आत-बाहेर करण्याची मुभा मिळाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑफसाइड’चा नियम रद्द झाला. सत्तर मिनिटे तेच अकरा गडी खेळत राहण्याचे दिवस गेले. आता सामन्याची गती रेषेबाहेर उभा असलेला माणूस ठरवू लागला. पूर्वी प्रशिक्षक खेळ सुरू होईपर्यंत बोले आणि मग प्रेक्षक होई. आता तो खेळाचा एक घटकच बनला.

अशा संधिकालात पुण्याजवळच्या खडकीत एक मुलगा हॉकी खेळू लागला होता. खडकी ही इंग्रजांनी वसविलेली छावणी. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. कारखान्याच्या वसाहतीत मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहत, आणि पलटणीने मागे ठेवलेला हॉकीचा नाद त्या सर्वांना सारखाच लागलेला असे. नागलिंगम पिल्ले या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत. त्यांचा चौथा मुलगा धनराज १९६८ मध्ये जन्मला. मोडक्या काठ्या, टाकून दिलेले चेंडू आणि चिखलाचे मैदान एवढ्या भांडवलावर हा मुलगा भावांबरोबर खेळू लागला. त्या काळी महंमद शाहिद यांच्या खेळाने देशभरच्या मुलांना वेड लावले होते. त्यांचीच नक्कल करता करता धनराज शिकला. ही जुनी रीत होय. डोळ्यांनी घेतलेली आणि मनगटात मुरविलेली.

पण केवळ तेवढ्याने तो भारताच्या संघापर्यंत पोचला असता काय? याचे उत्तर मुंबईतील संस्थांच्या हॉकीत सापडते. रेल्वे, बँका, खतांचा सरकारी कारखाना, महिंद्र आणि महिंद्र, टाटा, एअर इंडिया अशा संस्था आपापले संघ बाळगीत. खेळाडूला नोकरी मिळे, संस्थेला नाव मिळे, आणि चर्चगेटजवळच्या मैदानावर दर हंगामात चुरशीचे सामने होत. धनराजचे वडील बंधू रमेश हे मुंबईस राष्ट्रीय केमिकल्स या खतकारखान्याच्या संघाकडून खेळत, आणि ते भारताकडूनही खेळलेले होते. धाकटा भाऊ त्यांच्यामागोमाग मुंबईस आला. पुढे तो महिंद्रच्या संघात दाखल झाला, आणि तेथे त्याला जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले.

कार्व्हालो हे मुंबईचे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो भारतीय संघ पाचवा आला, त्यात ते मधल्या फळीत खेळले होते. मधल्या फळीतील खेळाडूचे काम मोठे मजेचे असते. पुढच्या फळीतील खेळाडू गोल करतो आणि टाळ्या घेतो. गोलरक्षक गोल वाचवितो आणि शाबासकी मिळवितो. मधला गडी मात्र सगळे मैदान आपल्या डोळ्यांत साठवून धावत असतो. कोण कोठे मोकळा आहे, कोण दमला आहे, कोणत्या बाजूला भगदाड पडणार आहे, याचा हिशेब तो सतत मांडीत असतो. हॉकी काय, फुटबॉल काय, पुढे शिक्षक झालेल्या खेळाडूंत मधल्या फळीतील माणसे वरचेवर आढळतात, यात नवल वाटावयास नको.

नवा खेळाडू हेरणाऱ्याची नजर कशी असते, हे येथे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. कारण या विद्येविषयी बाहेरच्या माणसाचा बहुधा गैरसमज असतो. सामान्य प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. ज्याच्या काठीवर चेंडू अधिक वेळ तोच त्याला चांगला खेळाडू वाटतो. पारखी माणूस चेंडू नसलेल्या मुलाकडे पाहतो. चेंडू येण्यापूर्वी तो मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो की नाही? चेंडू काठीवर आला की तो तेथेच विसावतो, की हातभर उडतो? पहिला स्पर्श शुद्ध असेल तर पुढचे अर्धे काम झालेच. तो अशुद्ध असेल तर वेगवान पायही व्यर्थ जातात. चेंडू हातचा गेल्यावर मुलगा हात झाडून उभा राहतो, की त्याच पावली मागे वळून धावतो? ही शेवटची कसोटी पारखी माणूस सर्वांत महत्त्वाची मानतो. काठी चालविणे शिकविता येते, दम वाढविता येतो. पण गमावलेल्या चेंडूची चीड ज्याच्या पोटात नाही त्याला ती आणून देता येत नाही.

धनराज यांच्याकडे ही चीड भरपूर होती. इतकी की तिने त्यांना कीर्तीही दिली आणि मनस्तापही. त्यांच्या अंगी वेग होता, हुलकावणीची जुनी कला होती, आणि कृत्रिम मैदानाला लागणारा दमही त्यांनी कमावला. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात ते भारताकडून प्रथम खेळले. पुढील पंधरा वर्षांत त्यांनी चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा गाजविल्या. १९९८ मध्ये बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. या विजयानंतर लवकरच त्यांना व इतर काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले, आणि त्याबद्दल देशभर हळहळ व्यक्त झाली. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्धचा सामना अखेरच्या क्षणी बरोबरीत सुटला, उपान्त्य फेरीची दारे मिटली, आणि या कणखर माणसाचे अश्रू साऱ्या देशाने पाहिले. लंडन, ल्यों, स्टुटगार्ट, क्वालालंपूर, डाक्का येथील क्लबांकडूनही ते खेळले. हॉकी खेळून पोट भरता येते, हे त्यांच्या पिढीला परदेशांत उमगले.

खेळाडूंचे दिवस असे सरत असताना भारतीय हॉकीची उतरण चालूच होती. २००६ हे वर्ष विशेष वाईट गेले. विश्वचषकात भारत अकरावा आला. आणि वर्षअखेरीस दोहा येथे, आशियाई स्पर्धेत हॉकी सुरू झाल्यापासून प्रथमच, भारत पदकावाचून परतला. त्या वेळचे प्रशिक्षक वासुदेवन भास्करन हे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार होते. खेळाडू म्हणून मिळविलेले सुवर्ण शिक्षकाच्या हाती पुन्हा येईलच असे नाही, याचा हा एक कटू दाखला. दोह्याच्या पराभवाचा दुसराही एक परिणाम झाला. आशियाई विजेत्यास ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश मिळत असे. तो भारताच्या हातून गेला. आता बीजिंगला जावयाचे तर पात्रता स्पर्धा जिंकणे भाग होते.

अशा प्रसंगी २००७ मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा कार्व्हालो यांच्याकडे आली. त्यांनी संघात तरुण रक्त घेतले आणि शारीरिक दमावर भर दिला. आरंभ चांगला झाला. मलेशियातील अझलन शाह स्पर्धेत भारतास तिसरे स्थान मिळाले. सप्टेंबर २००७ मध्ये चेन्नईच्या आशिया चषकात तर संघ अशा आवेशाने खेळला की अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा ७-२ असा धुव्वा उडाला. त्याच सुमारास हॉकीच्या प्रशिक्षकावर आधारलेला एक हिंदी बोलपट गाजत होता. वर्तमानपत्रांनी लागलीच दोहोंची सांगड घातली, आणि हॉकीचे दिवस पालटले असे जो तो म्हणू लागला.

मार्च २००८ मध्ये चिली देशातील सांतियागो येथे पात्रता स्पर्धा झाली. तिचा नियम निष्ठुर होता. सहा संघांतून एकालाच, विजेत्यालाच, बीजिंगचे तिकीट मिळावयाचे होते. उपविजेत्याला काही नाही. साखळीत भारताला ब्रिटनने एकदा हरविले होतेच. ९ मार्च रोजी अंतिम सामन्यात तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. सामना रंगात येण्यापूर्वीच ब्रिटनने दोन गोल केले आणि मग आपला किल्ला बंद करून घेतला. भारताच्या चढाया गोलाच्या तोंडाशी येऊन विरून जात राहिल्या. निकाल ०-२. साठ वर्षांपूर्वी वेंब्लीत ज्यांना हरवून स्वतंत्र भारताने आपला झेंडा फडकविला, त्यांच्याकडूनच हा पराभव पदरी आला. १९२८ पासून एकाही ऑलिंपिकला न चुकलेला भारतीय हॉकी संघ बीजिंगला जाणार नव्हता. ऐंशी वर्षांत असे प्रथमच घडत होते. कार्व्हालो यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

या पराभवाचा न्याय करताना घाई होता कामा नये. एका सामन्यातील पहिल्या काही मिनिटांवर एका माणसाच्या दीर्घ साधनेचे मोल ठरविणे सोपे आहे. पण ते रास्त नाही. त्याचबरोबर प्रशिक्षकाचा काहीच दोष नव्हता असेही म्हणता येणार नाही, कारण सामन्याच्या आरंभी सावध राहण्याचे शिक्षण ही त्याचीच जबाबदारी असते, आणि राजीनामा देऊन कार्व्हालो यांनी ती टाळली नाही. तथापि खोलवर पाहिले असता दिसते ते असे. ज्या मुलांना घेऊन ते सांतियागोला गेले, त्यांच्या पिढीतील अनेकांनी बालपणी माती वा गवतावरच हॉकी शिकली होती. कृत्रिम मैदान त्यांच्या वाट्याला आले ते पंधराव्या-सोळाव्या वर्षानंतर. युरोपातील मूल सहाव्या-सातव्या वर्षीच त्या मैदानावर पाऊल ठेवते. लहानपणी पडलेली सवय मोडून नवी लावण्यास वर्षे लागतात. प्रशिक्षकाला मिळाले होते जेमतेम एक वर्ष. पीक शेवटच्या पावसावर अवलंबून असले तरी नांगरणी आधीच्या उन्हाळ्यात झालेली असावी लागते. भारतीय हॉकीची नांगरणी तीस वर्षे राहून गेली होती.

सांतियागोच्या धक्क्याने निदान एक गोष्ट केली. झोपलेल्यांना तिने जागे केले. एप्रिल २००८ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने तत्कालीन हॉकी महासंघाला दूर सारले, आणि निवडीचे काम माजी खेळाडूंच्या एका समितीकडे सोपविले. अस्लम शेर खान, अजितपाल सिंग, अशोककुमार, जफर इक्बाल यांच्याबरोबर त्या समितीत धनराज पिल्लेही होते. चिखलाच्या मैदानावर ज्याला कोणीतरी कधी हेरले होते, तोच आता इतरांना हेरण्याच्या आसनावर बसला होता.

धनराज यांनी यापुढे स्वतःला मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. मुंबईत त्यांनी हॉकीची शाळा काढली. तिच्यासाठी पैसा उभा करण्याची त्यांची युक्ती ऐकण्याजोगी आहे. कचेऱ्यांतून छपाईयंत्रांच्या वापरून टाकलेल्या शाईच्या डब्या गोळा करावयाच्या, त्या पुनर्वापर करणाऱ्या परदेशी कंपनीस द्यावयाच्या, आणि मिळालेल्या पैशांतून मुलांना काठ्या व चेंडू घ्यावयाचे. ज्याने टाकून दिलेल्या चेंडूंवर हॉकी शिकली, त्याने टाकून दिलेल्या डब्यांवर हॉकीची शाळा चालवावी, यात एक प्रकारची संगती आहे. पुढे गुजरात सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी प्रबोधिनीतही त्यांनी नवे खेळाडू घडविण्याचे काम हाती घेतले. गुजरात हा काही हॉकीचा प्रांत म्हणून प्रसिद्ध नाही. जेथे पीक आधीच उभे आहे तेथे जाण्यापेक्षा ओसाड जमिनीत बी पेरणे हे कठीण काम, आणि त्याचे फळही उशिराच दिसते.

मुंबईने या क्षेत्रात आणखी दोन निराळे नमुने दिले आहेत. मर्झबान पटेल यांनी देशाकडून हॉकी खेळली नाही. परंतु दशकानुदशके दक्षिण मुंबईतील मैदानांवर त्यांनी मुले हेरली आणि बिनमोल शिकविली. एड्रियन डिसूझा, गेविन फरेरा, वीरेन रस्किन्हा, युवराज वाल्मीकि यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. २०१९ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. थोर खेळाडू असल्यावाचून थोर पारखी होता येते, याचा हा जिवंत पुरावा होय. त्यांचे शिष्य रस्किन्हा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळले. पण २००८ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांनी हॉकी सोडली आणि व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास केला. नंतर ते ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’ या संस्थेचे मुख्य कार्यवाह झाले. प्रकाश पदुकोण व गीत सेठी यांनी स्थापन केलेली ही संस्था निरनिराळ्या खेळांतील होतकरू खेळाडूंना शोधून त्यांना शिक्षक, वैद्य, आहार व साधने यांचा आधार देते. २०२४ मध्ये पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांना या संस्थेचे साहाय्य लाभले होते. हॉकीच्या मैदानावर तयार झालेली पारखी नजर अशी दुसऱ्या खेळांच्याही कामी आली.

हॉकीचे स्वतःचे नशीब पालटले ते २०२१ मध्ये. टोकियो येथे ५ ऑगस्ट रोजी भारताने जर्मनीचा ५-४ असा पराभव करून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकमधील हे पदक एकेचाळीस वर्षांनी आले. पॅरिसला २०२४ मध्ये स्पेनला हरवून ते राखले गेले. पहिल्या वेळी प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड होते, दुसऱ्या वेळी दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन. दोघेही आपापल्या देशाकडून ऑलिंपिक खेळलेले. परदेशी शिक्षकांच्या हातून हे यश यावे याचा काहींना विषाद वाटतो. पण तो अनाठायी आहे. एके काळी आपणच जगाला हॉकी शिकविली. विद्या फिरून घरी येते तेव्हा तिचा वेष बदललेला असतो, एवढेच. शिवाय देशी गुरूंची परंपराही खंडित झालेली नाही. टोकियो व पॅरिस या दोन्ही पदकांचे मानकरी असलेले गोलरक्षक श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाले आणि लागलीच कुमार संघाचे प्रशिक्षक बनले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मस्कत येथे त्यांच्या संघाने पाकिस्तानला ५-३ असे हरवून कुमारांचा आशिया चषक राखला.

या साऱ्या इतिहासातून निष्पन्न होते ते असे. पारख, शिक्षण आणि जबाबदारी ही तीन कामे भिन्न आहेत. एकाच माणसात तिन्ही गुण असणे दुर्मीळ, आणि ते त्याच्यात असलेच पाहिजेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे. मर्झबान पटेल यांनी पारख केली. धनराज शिकवीत राहिले. कार्व्हालो यांच्या वाट्याला जबाबदारी आली, आणि ती अशा दिवशी आली की त्या दिवसाचे नाव काढताच आजही जुने हॉकीप्रेमी मान खाली घालतात. परंतु महिंद्रच्या संघातील एका धडपड्या तरुणाला ज्यांनी दिशा दाखविली तेही कार्व्हालोच होते. सांतियागोचा हिशेब मांडताना खडकीच्या त्या मुलाची नोंद दुसऱ्या बाजूला केली नाही, तर तो हिशेब अपुराच राहील.

कुडपणसारख्या डोंगराळ गावांच्या वाट्याला कृत्रिम हिरवळीचे मैदान आलेले नाही. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईची वाट धरीत आले. त्यांचा खेळ कबड्डी. त्याला लागते ती थोडीशी सपाट माती आणि छातीतला दम. चढणीच्या वाटांवर तयार झालेले पाय आणि घाटाने वाढविलेला श्वास हे भांडवल कोणत्याही खेळाला हेवा वाटावा असे आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ते पाय पाहणारी नजर त्या घाटापर्यंत चढून जाणार केव्हा? खडकीच्या मुलाला त्याच्या वसाहतीत हॉकी सापडली, भाऊ सापडला, आणि मुंबईत गुरू सापडला. सगळ्यांचेच दैव इतके अनुकूल नसते. शेलारमामा लढाईच्या दिवशी अचानक प्रकटले असे कथेत भासते. वस्तुतः ते आधीपासूनच त्या मावळ्यांबरोबर गड चढत होते. उद्याच्या गुरूलाही रेषेबाहेर उभे राहण्यापूर्वी ती चढण चढावी लागेल.